धुतलेलं रक्त

माझा धंदा भांडी भाड्याने द्यायचा. जळगावच्या पिंप्राळ्यात लग्न असो, बारसं असो की दशक्रिया, पातेली, पराती, झारे माझ्याकडूनच जातात. या धंद्यात माणसं लवकर कळतात. नेताना सगळेच अक्का-अक्का करतात. परत आणताना मात्र कोणी नजर चुकवतो, कोणी मोठमोठ्याने बोलतो. मोठ्याने बोलणाऱ्याच्या ढिगात एखादं पातेलं हमखास बदललेलं असतं. माप तेच, घाट तोच, पण माझं नाही. त्याला विचारलं तर शपथेवर सांगतो, अक्का, हे तुमचंच. आणि तो खोटं बोलत नसतो. मांडवात दहा घरची पातेली एकत्र घासली जातात, त्याला तरी काय माहीत.

ही नजर एके दिवशी दवाखान्यात कामी आली. ते सांगायचं तर आधी माझ्या धाकट्या जावेचं, दिपमालेचं सांगायला हवं.

दिपमाला धुळ्याची. माझा धाकटा दीर प्रेमराज, त्याची बायको. दिसायला ठणठणीत आणि बोलायला त्याहून. पण तिच्या अंगात एक गोष्ट तयार होत नाही. नाकाघशाच्या आणि आतड्याच्या दारावर पहारा करणारं एक द्रव्य असतं, डॉक्टर त्याला आयजीए म्हणतात. बाकीचे पहारेकरी तिच्याकडे आहेत, हा एकच नाही. अशी पुष्कळ माणसं असतात म्हणे, जन्मभर त्यांना पत्ताही लागत नाही. दिपमालेला लागला. कसा लागला ते आठवलं की अजूनही मला हातातलं ताट खाली ठेवावं लागतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, धुळ्यात. रक्तस्राव फार झाला म्हणून रक्त लावलं. मी डबा घेऊन तिच्याजवळच होते. पिशवी सुरू झाली, मी डब्याचं झाकण काढलं, वाटीत वरण ओतलं, तेवढ्यात ती म्हणाली, "अक्का, तळहाताला खाज येतेय." मी म्हटलं, डास असतील. मग ती म्हणाली, "घसा." मग काहीच म्हणाली नाही. ओठ सुजले, डोळे माझ्यावर होते, पण त्यांत मी नव्हते. सिस्टर धावत आली, नळी बंद केली, इंजेक्शनं झाली, आणि त्या गडबडीत मी वरणाची वाटी हातात धरून भिंतीला चिकटून उभी. चमचाभर तरी रक्त आत गेलं होतं की नाही, देव जाणे.

ती वाचली, मुलगीही वाचली. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की तिच्या अंगात ते द्रव्य नाही एवढंच नव्हे, दुसऱ्याच्या रक्तातून ते आलं की तिचं शरीर त्याला शत्रू समजून उठतं. सगळ्यांचं असं होत नाही, हिचं होतं. म्हणून हिला साधं रक्त कधीच द्यायचं नाही. एक तर तिच्यासारखंच ज्याच्यात ते द्रव्य नाही अशा माणसाचं, नाहीतर सलाईनच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतलेलं. तांबड्या पेशी तेवढ्या ठेवायच्या, बाकी सगळं काढून टाकायचं.

"रगत काय धुनं शे का, नदीवर लई जावाले?" आमचे सासरे भटूनाना तेव्हा म्हणाले होते, आणि घर हसलं होतं. मीही हसले होते.

दिपमाला मात्र त्या दिवसापासून पहारेकऱ्याची जागा स्वतःच भरून काढू लागली. काळ्या दोऱ्यात एक स्टीलची पट्टी, तिच्यावर तिचा आजार आणि 'साधे रक्त देऊ नये' हे कोरलेलं. ती मंगळसूत्राशेजारी, आंघोळीतसुद्धा. पर्समध्ये तेच लिहिलेला कागद, मोबाइलच्या पडद्यावर तेच. पाणी उकळलेलं. सर्दी झाली की बाकी जग काढा पिऊन बघतं, ही त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि गोळ्या दिल्या की शेवटची गोळी संपेपर्यंत घेणार, बरं वाटलं तरी. पंगतीत बसायच्या आधी कोण खोकतंय ते बघून पाट निवडणार. मी चिडवायचे, "तू पाव्हण्याचं आधी नाक बघतेस, मग पाया पडतेस."

"मग काय करू अक्का," ती म्हणायची, "माझा शिपाई जन्मापासून रजेवर आहे."

नानांना हे सगळं माहेरचं खूळ वाटे. त्यांचा हिशेब वेगळा आणि त्यांच्या परीने पक्का होता. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, भाऊबंदकीबाहेर जात नाहीत. परक्याच्या हाती तुकडा गेला तर घेणाऱ्यालाही बाधतो आणि देणाऱ्यालाही. घरची लेक लग्न होऊन गेली की तिला रोट नाही. सून मात्र आली की पहिल्याच श्रावणात पंगतीला, कारण ती आता या कुळाची. धुळ्याचा विषय निघाला की नाना सांगत, "धुयाले तिले कोनं रगत दिन्हं? परक्यानं. बाधनारच ना भो. आपला भाऊबंदकीनं देतात, तर काहीच व्हतं नही." हे ते इतक्या ठामपणे सांगत की चार वेळा ऐकलं की पटायला लागे. प्रेमराजला तर पहिल्याच वेळी पटलं होतं. प्रेमराज गुणाचा माणूस, पण वडिलांसमोर त्याचा आवाज बसतो.

मलाही नानांसमोर आवाज नव्हताच. सासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नाही. चहा झाला हे मी दाराला सांगते, आणि नाना दाराला उत्तर देतात. इतक्या वर्षांत दाराने एकही निरोप चुकवला नाही.

दिपमालेच्या गर्भाशयात गाठ निघाली. दर महिन्याला रक्त जायचं, ती पांढरी पडत चालली. ऑपरेशन जळगावलाच करायचं ठरलं. धुळ्याचं नाव काढलं की नाना हात झटकत, आणि खरं सांगायचं तर दिपमालेलाही त्या गावच्या दवाखान्याची पायरी नको वाटत होती. पण तिची सगळी हकिकत ठाऊक असलेली रक्तपेढी धुळ्यातच होती. एकदा धुतलं की ते रक्त एक दिवसच टिकतं. म्हणून ठरलं असं, की आदल्या दिवशी तिच्या रक्ताचा नमुना धुळ्याला पाठवायचा, ऑपरेशनच्या सकाळी तिचा भाऊ नवीन याने दोन पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून मोटारीने आणायच्या, आणि त्या आल्याशिवाय डॉक्टर मॅडमनी सुरी हातात घ्यायची नाही.

"म्हंजे आपलं घर भरेल शे, अन् रगत येई माहेरतून," नाना दाराला म्हणाले. दार गप्प राहिलं.

दिपमालेने दवाखान्यात भरती होताना मला बाजूला घेतलं. दागिने काढून माझ्या पदरात बांधले, पट्टी मात्र दिली नाही. सिस्टरला सांगून ती बँडेजच्या पट्टीने मनगटाला बांधून घेतली. मग म्हणाली, "अक्का, मी शुद्धीत नसले तर तू बोलायचं."

"प्रेमराज आहे की."

"प्रेमराज आहे," ती म्हणाली, आणि मनगटावरची पट्टी चाचपून पाहिली. नानांनी सांगितलं तरी निघायचं थांबवू नकोस, असं ती नवीनला रात्रीच बजावून बसली होती, हे मला नंतर कळलं. तिला आमचं घर माझ्यापेक्षा जास्त ओळखू येत होतं.

सकाळी नवीनचा फोन आला, निघालो. मग आला, पारोळा गाठलं. मग बराच वेळ आलाच नाही. मी लावला तर म्हणाला, "अक्का, एरंडोलच्या अलीकडे केळीचा ट्रक आडवा झालाय. रस्ताभर केळी. ना पुढे जाता येतंय ना मागे."

"डबा?"

"डबा मांडीवर आहे."

मी हे प्रेमराजला सांगत होते, तेवढ्यात खोलीतून सिस्टरची हाक आली. दिपमालेचं रक्त जायला लागलं होतं, आणि ते महिन्याचं जाणं नव्हतं. चादर बदलली, ती भिजली. दुसरी बदलली. ती पलंगावर होती आणि तिचा रंग भिंतीच्या चुन्याशी जुळत चालला होता. मॅडम आल्या, औषधं सुरू केली, सलाईन लावलं, नाडी धरून उभ्या राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "रक्ताशिवाय मी उघडू शकत नाही. धुळ्याची गाडी कुठे आहे?"

मी सांगितलं.

त्यांनी जळगावच्याच एका रक्तपेढीला फोन लावला. तिथे धुवून मिळायला संध्याकाळ होणार होती. तरी त्यांनी चिठ्ठी लिहिली, नमुना दिला, कोणीतरी जाऊन कामाला लावा म्हणाल्या. नानांनी चिठ्ठी घेतली. प्रेमराजचा चुलतभाऊ पुना बाकावर बसला होता, त्याला खांद्याला धरून उठवलं आणि दोघे मोटारसायकलवर गेले. नाना जाताना मोठ्याने बोलत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ते गेल्यावर मी दिपमालेजवळ बसले. तिचा हात थंड. डोळे मिटलेले, मधूनच उघडत. एकदा तिने विचारलं, "धुतलेलं?" मी म्हटलं, "येतंय." तिने मान हलवली, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की भीती म्हणजे काय. साधं रक्त दिलं तर धुळ्यासारखं होऊन ती जाईल. नाही दिलं तर इथेच, माझ्या हातात, हळूहळू. दोन्ही दारं उघडी आणि दोन्हींतून तीच बाहेर जाणार.

नाना परतले ते पिशवी घेऊनच. पुनाच्या कोपराच्या खोबणीत कापूस चिकटवलेला, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. नानांनी पिशवी सिस्टरच्या हाती दिली. "ल्या. घरनं रगत शे. मना पुतन्यानं."

सिस्टरने पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि मॅडमना बोलावलं. मॅडम पिशवी बघून म्हणाल्या, "गट जुळतोय. पण हे धुतलेलं नाही."

"धोवानं कामच नही," नाना म्हणाले. "आपलं शे."

"आपलं असून उपयोग नाही हो. यांच्या शरीराला आपलं-परकं असं नातं कळत नाही." त्यांनी पिशवी सिस्टरला परत दिली. "हे मी लावणार नाही. पण नाडी आणखी घसरली आणि ती गाडी आलीच नाही, तर मला सगळी इंजेक्शनं हाताशी ठेवून हा धोका घ्यावा लागेल. तेव्हा मला घरच्यांची लेखी संमती लागेल. अजून ती वेळ आलेली नाही. मी थांबायचं म्हणतेय." आणि त्या आत गेल्या.

सिस्टरने कागद बाकावर ठेवला. लागला तर असावा म्हणून ठेवला होता. पण आमच्या घरात कागद समोर आला की सही करायचीच, असा शिरस्ता आहे.

"कर रे," नाना म्हणाले. "ती आठे मरी राहिनी अन् तू वाट कोनी देखस? केळीना ट्रकनी?"

"नाना, मॅडम म्हणाल्या थांबा."

"मॅडमनी वहू शे का ती? तुनी बायको शे. तुनं रगत, तुनं कुळ. इतला श्रावण रोट खादात तिनी आपला घरमा. बाधनात का?"

प्रेमराजने पेन घेतलं. मी त्याला दोष देणार नाही. आतल्या खोलीतून सिस्टर तिसऱ्यांदा चादर घेऊन गेली होती, ती आम्ही दोघांनीही पाहिली होती. तसल्या वेळी मनुष्याला काहीतरी करायचं असतं, आणि सही हे करण्यासारखं सगळ्यात सोपं काम.

आता बोलायची पाळी माझी होती. आजाराचं सांगू? ते नाना इतकी वर्षं ऐकत होते. धुळ्याची आठवण करून देऊ? धुळं तर त्यांच्याच बाजूने साक्ष देत होतं. दिपमाला मला 'तू बोलायचं' म्हणाली होती, काय बोलायचं ते सांगितलं नव्हतं.

पिशवी सिस्टरच्या टेबलावर कपड्यात गुंडाळून ठेवली होती. मी नुसता हात लावला. पातेलं परत आलं की मी आधी हात लावते, तशी सवयीने.

थंडगार.

फ्रिजमधल्या दुधाच्या पिशवीसारखी थंड. आणि पुनाच्या हातावरचा कापूस अजून ओला होता.

मी दाराकडे पाहिलं. दवाखान्याचं दार माझ्या ओळखीचं नव्हतं. मग मी नानांकडेच वळले.

"नाना," मी म्हटलं.

नाना दचकले. माझा आवाज त्यांनी याआधी लाकडातूनच ऐकला होता.

"नाना, या पिशवीला हात लावून बघा."

"कसाले?"

"लावा तर खरं."

त्यांनी हात लावला आणि काढला.

"थंड आहे ना? पुनाचं रक्त आत्ता घेतलं. माणसाचं रक्त मोटारसायकलवर एवढ्यात थंड होतं का? पुना, तुझं रक्त घेतलं आणि काय झालं रे?"

पुना गडबडला. "मी झोपलो अक्का. त्यांनी घेतलं, पिशवी आत नेली. मग बिस्किट दिलं. नाना धुवायचं नको म्हणाले, मग त्यांनी कपाटातून ही काढून नानांना दिली."

"म्हणजे तुझी तिकडे राहिली."

"राहिली असेल. मले काय माहीत?"

"नाना, तिथे बदली चालते," मी म्हटलं. "एक द्यायची, एक न्यायची. मांडवातल्या पातेल्यासारखं. माप तेच, घाट तोच, पण घरचं नाही. हे कोणाचं आहे, कोणत्या गावचं, कोणत्या कुळाचं, तुम्ही सांगाल? मी नाही सांगू शकत. धुळ्याला दिलं होतं तेसुद्धा असंच कोणाचं तरी होतं."

पिशवी परक्याची आहे हे मी खरं सांगितलं. पुनाचं असतं तर चाललं असतं, असं मी म्हटलं नाही, पण नानांनी तसं समजून घेतलं आणि मी समजू दिलं. आजाराचा हिशेब त्यांच्या गळी उतरत नव्हता, म्हणून मी त्यांच्याच मापाने मोजून दिलं.

नानांनी पुन्हा एकदा पिशवीला बोट लावलं. मग ते बोट धोतराला पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, एका वर्षी रोटाचा तुकडा चुकून शेजारच्या ताटात गेला होता तेव्हा. पण या वेळी समोर ताट नव्हतं.

"हाई मी लावाले सांगी राहिंतू," ते हळूच म्हणाले. कोणाला म्हणाले कळलं नाही. मग त्यांनी प्रेमराजच्या हातातलं पेन काढून घेतलं, खिशात घातलं, आणि खिशावर हात ठेवून बाकावर बसले.

त्यानंतरची वाट पाहणं मला अजून स्वप्नात येतं. आता माझ्या म्हणण्यावर ती पिशवी नुसती पडून होती. दिपमाला गेली असती तर ती थांबण्याने गेली असती, आणि थांबवलं होतं मी. मी खोलीच्या दाराशी उभी राहून तिची छाती वर-खाली होताना पाहत होते. एकदा ती वर गेली आणि मला वाटलं खाली येतच नाही.

फोन वाजला. नवीन गाडी तिथेच सोडून डबा डोक्यावर धरून केळीच्या राड्यातून चालत पलीकडे गेला होता. पलीकडे अडकलेल्या कोणा अनोळखी माणसाने आपली गाडी वळवून त्याला घेतलं होतं आणि तुंबलेला हमरस्ता सोडून ते धरणगाव-पाळधीवरून जळगावकडे निघाले होते. "अक्का, कशी आहे?" त्याने विचारलं. मी "ये" एवढंच म्हटलं.

तो आला तेव्हा त्याच्या गुडघ्यापर्यंत केळीचा चिखल होता. सिस्टरने डबा उघडला, मॅडमनी स्वतः पिशवी आणि कागद दोनदा ताडून पाहिले. इंजेक्शनं भरून ट्रेमध्ये ओळीने मांडली. ती सुई-औषधं का मांडलीत हे कोणी विचारलं नाही. धुतलेलं रक्त आजवर नुसतं बोलण्यात होतं. तिच्या अंगात ते कधी गेलंच नव्हतं.

पहिला थेंब पडला. मॅडमनी नळी अगदी बारीक ठेवली होती. थेंब लोंबकळायचा, सुटायचा नाही, मग सुटायचा. सगळे तिच्याकडे बघत होते. मी तिच्या तळहाताकडे.

दिपमालेचा हात हलला. वर गेला. तिने मानेला खाजवलं.

सिस्टरने ट्रे उचलला. प्रेमराजच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मॅडमनी नळी चिमटीत धरली आणि तिच्यावर वाकल्या. "दिपमाला, घसा? घसा आवळतोय का?"

तिने डोळे उघडले. आधी मॅडमकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांच्या तोंडांकडे. "दोरा," ती म्हणाली. मानेवर काळ्या दोऱ्याचा वळ होता. पट्टी मनगटावर गेली होती, वर्षानुवर्षांच्या दोऱ्याची खूण तेवढी मागे राहिली होती. "दोरा नसला की खाजतं तिथे."

मॅडमनी चिमटी लगेच सोडली नाही. मान पाहिली, तळहात पाहिले, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग सोडली. थेंब पुन्हा लोंबकळला, आणि सुटला.

नाना दारात आले होते. सुनेच्या खोलीत ते कधी पाऊल टाकत नाहीत, टाकलं नाहीच. बाहेरूनच पिशवीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी, दाराला नव्हे, मला विचारलं, "हाई कोनं शे?"

दिपमालेने डोळे मिटलेलेच ठेवून, कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात सांगितलं, "धुतलंय नाना. नाव-गाव सगळं निघून गेलंय त्यातलं."

नाना दारातून मागे सरले. बाकावर जाऊन बसले. पुनाने विचारलं, मग माझं रक्त कोणाला जाईल, तर त्याला म्हणाले, "गप बस."

तिला आत नेण्याची तयारी सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, ही पिशवी चांगली चाललीये, दुसरी आत लावू. मी मान हलवली. दुसरी पिशवी डब्यात बर्फावर पडली होती, तिच्यावर झाकण होतं. ती दुसऱ्या कोणाची तरी होती. पहिली मानवली म्हणजे दुसरी मानवेलच, असं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. स्ट्रेचर निघालं तेव्हा मी तिचा तळहात उघडून एकदा बघून घेतला. मग दार लागलं.